फुंकर

"ज्योत वाकली पाहिजे बाबा, विझायला नको."

जळगावच्या दवाखान्यातली ती खोली जेमतेम आठ बाय दहाची. भिंतीवर फुप्फुसांचं रंगीत चित्र, कोपऱ्यात व्यायामाची सायकल, टेबलावर स्टीलच्या वाटीत चिकटवलेली मेणबत्ती. समोर स्टुलावर माझे वडील. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांनी छाती भरून हवा घेतली आणि एका फुंकरीत मेणबत्ती विझवून टाकली. मोठ्या खुशीत माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच त्यांना खोकल्याची उबळ आली.

फिजिओथेरपिस्ट मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. तिनं काडी ओढून मेणबत्ती परत लावली. "जोर लावायचाच नाही. नाकानं घ्या, एक, दोन. आता ओठ असे करा, शिट्टी मारताना करतो तसे. सोडा हळूहळू, एक, दोन, तीन, चार. गाल फुगवायचे नाहीत. ज्योत नुसती पलीकडे झुकून राहू द्या."

पाचव्या-सहाव्या वेळी ज्योत झुकली आणि चार अंक होईपर्यंत झुकलेलीच राहिली. श्वासागणिक नानांचे खांदे वर उचलले जातात, ते गेली तीन वर्षं मी पाहत होते. तेवढ्या चार अंकांपुरते ते खाली बसले होते.

निघताना ती मुलगी मला म्हणाली, "ताई, रोज दहा मिनिटं तुम्हीही त्यांच्यासोबत करा. एकट्यानं करायला बाबा कंटाळतील." मी विचारलं, "मला तर काही त्रास नाही. मी केलं तर काय होईल?" ती म्हणाली, "करून बघा, मग मला सांगा."

मृगाच्या सुमाराची ही गोष्ट. आता बाजारात भरताची वांगी आली आहेत. मधल्या सहा महिन्यांत मी काय पाहिलं, ते इथं लिहिते आहे.

नानांनी एकतीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, काढली. हंगामात ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळीवर, शर्टाच्या शिवणीत पांढरा तंतू बसलेला असायचा. आजी दारातच त्यांचं डोकं पदरानं झटकायची. कापसाची धूळ आणि तिच्या जोडीला विडी. विडी सुटून बारा वर्षं झाली, पण फुप्फुसांनी तो हिशोब सोडला नाही. डॉक्टरांनी कागदावर सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, असं लिहिलं. नाना मात्र त्यांच्या अहिराणीत एवढंच म्हणतात, "माले दम लागस."

या आजाराबद्दल माझा समज चुकीचा होता. मला वाटायचं, नानांना हवा आत घेता येत नाही. खरी अडचण बाहेर सोडण्याची असते. फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवणारे लवचीक धागे झिजलेले असतात. त्यामुळे श्वास सोडताना नळ्या मिटतात आणि आतली हवा आतच अडकते. आधीच भरलेल्या छातीत पुढचा श्वास जाणार कुठं? मग माणूस खांदे उचलून वरच्या वर थोडी थोडी हवा ओढत राहतो.

शेतातल्या मऊ, चपट्या पाइपाचा विचार केला आणि मला हे नीट समजलं. रिकामा असला की तो गुंडाळून ठेवता येतो. मोटार चालू केली आणि पाइपाचं तोंड पूर्ण मोकळं असलं, तर पाणी भसाभसा निघून जातं आणि पाइप जागोजागी चपटाच राहतो. तोंड मुठीत थोडं आवळलं की मागचा सगळा पाइप टचटचीत गोल होतो. ओठ आवळून श्वास सोडताना हेच घडतं. ओठांपाशी थोडा अडथळा आल्यानं श्वासनळ्यांमध्ये दाब टिकतो, नळ्या मिटायला उशीर होतो आणि अडकलेली हवा बाहेर पडते. फुंकर नानांना औषधासारखी लागू पडते, ती या कारणानं.

आता माझा प्रश्न. माझ्या नळ्या मिटत नाहीत. त्यांना ताणून धरणारे धागे शाबूत आहेत. पाइप आधीच गोल असेल तर तोंड आवळून काय मिळणार?

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे वही काढली. वय ४६, आजार नाही, रोज सकाळी बोरी नदीच्या काठानं चालते. पहिले दहा दिवस व्यायामाच्या आधी आणि नंतर तीन गोष्टी लिहिल्या: मिनिटाला श्वास किती, नाडी किती, आणि कोरोनाच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा. स्वतःचे श्वास मोजणं अवघड असतं, कारण लक्ष गेलं की श्वास बदलतो. ते काम मी माझ्या मुलीला दिलं. मी पेपर वाचत बसायचे आणि ती घड्याळ धरून माझ्या पोटाकडे पाहत राहायची.

आधी श्वास मिनिटाला सोळा. व्यायाम करताना सहा ते सात. संपल्यावर पाच मिनिटांनी बारा-तेरा. नाडी ७८ वरून ७१-७२ वर. ऑक्सिजन आधी ९८, नंतर ९८. दहाही दिवस.

या शेवटच्या आकड्यानं माझी निराशा झाली हे कबूल करते. इतका मन लावून श्वास घेतला तर आकडा शंभरावर जाईल असं मला वाटलं होतं. पण निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन साध्या, बेसावध श्वासातही जवळपास पूर्ण भरलेलं असतं. भरल्या माठात आणखी तांब्या ओतला तर पाणी कडेनं सांडतं, माठ मोठा होत नाही. "खोल श्वासानं शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो" हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल! धडधाकट, बसलेल्या माणसाच्या बाबतीत ते बरोबर नाही. यंदा आठवीच्या वर्गात मी ते सुधारून सांगितलं.

फायदा दुसरीकडे निघाला, आणि तो साध्या गणितानं दाखवता येतो. फळ्यावर मी तोच मांडला.

आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका यांतच राहते. वायुकोशांपर्यंत, म्हणजे जिथून ऑक्सिजन रक्तात जातो त्या बारीक पिशव्यांपर्यंत, ती पोचत नाही, म्हणून रक्ताला तिचा उपयोग नाही. दर श्वासाला ही एवढी हवा वाया जातेच, जकातीसारखी. आता मिनिटाला सहा लिटर हवा तीन तऱ्हांनी घेऊन बघा. घाबरलेला माणूस पाव-पाव लिटरचे चोवीस उथळ श्वास घेतो. जकात वजा करता कामाची हवा २४०० मिलिलिटर. नेहमीचे अर्ध्या लिटरचे बारा श्वास घेतले तर ४२०० मिलिलिटर. आणि फुंकरीच्या लयीत एकेक लिटरचे सहा सावकाश श्वास घेतले तर ५१०० मिलिलिटर. ओढलेली हवा तेवढीच, पदरात पडलेली दुपटीहून जास्त.

मागच्या बाकावरच्या एका मुलानं लगेच विचारलं, "मॅडम, मग ऑक्सिजन का नाही वाढला?" असा प्रश्न आला की त्या दिवसाचं शिकवणं सार्थकी लागतं. उत्तर असं की निरोगी शरीराला त्या जास्तीच्या हवेची गरजच नसते. कमी कष्टात काम भागतंय म्हटल्यावर मेंदू एकूण हवाच कमी मागतो. श्वास स्वस्तात पडतो, एवढंच. पण दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास घेणाऱ्या शरीरासाठी ते एवढंच मला लहान वाटत नाही.

मेंदू हवा मागतो ती मुख्यतः ऑक्सिजन पाहून नव्हे, कार्बन डायॉक्साइड पाहून. हे मी पुस्तकात शिकले होते, पण शरीरानं शिकले २०२१ च्या एप्रिलमध्ये. तेव्हा कोरोनाच्या लाटेत घरोघरी फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन गोट्यांचं प्लास्टिकचं यंत्र आलं होतं. आमच्याकडेही होतं. नानांनी ते हातात फिरवून विचारलं होतं, "हाई फुकानं शे का वढानं शे?" प्रश्न अगदी रास्त होता, कारण पाहणाऱ्याला ते फुंकायचंच वाटतं आणि गल्लीतले निम्मे लोक त्यात फुंकत होते. ते ओढायचं असतं. सेकंदाला ६०० मिलिलिटर वेगानं ओढलं की पहिली गोटी उचलली जाते, ९०० ला दुसरी, १२०० ला तिसरी.

त्या दिवसांत आमच्या गल्लीतून दोन माणसं गेली होती. रात्री अकराच्या सुमारास मला वाटलं, माझीही छाती भरली. मी ते यंत्र घेतलं आणि तिन्ही गोट्या वर आणायच्या हट्टानं, मध्ये न थांबता, तीस-पस्तीस श्वास ओढले. बोटांना मुंग्या आल्या. ओठ बधिर झाले, डोकं गरगरलं. मी भिंतीला धरून खाली बसले आणि माझी खात्रीच झाली की आता आपलीही वेळ आली. मुलीनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९९.

पुढं उलगडा झाला. इतक्या भराभर आणि खोल श्वासांनी रक्तातला कार्बन डायॉक्साइड धुऊन निघतो. तो कमी झाला की मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून नसा बेचैन होतात आणि मुंग्या येतात. प्राणवायू काठोकाठ असताना माणूस गुदमरल्यासारखा होतो तो असा. घाबरलेल्या माणसाला आपण नेहमी सांगतो, "खोल श्वास घे, खोल श्वास घे." तो बिचारा घेतच सुटतो. त्याला "हळू सोड" म्हणायला हवं. सहा महिन्यांत मला पटलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, आणि तेव्हापासून मी माझ्या तोंडातलं वाक्य बदललं आहे. दहावीच्या परीक्षेला वर्गाबाहेर थरथरत उभ्या असलेल्या मुलींनाही मी आता सोडायलाच सांगते.

नाडीचं मला जास्त नवल वाटलं. एका संध्याकाळी व्यायाम करता करता मी मनगटावर बोटं ठेवली. श्वास आत येताना ठोके जवळ जवळ पडत होते, फुंकर चालू असताना लांब लांब. एक, दोन म्हणेपर्यंत टकटकटक, आणि तीन, चार, पाच म्हणताना टक... टक... टक. मला वाटलं हृदयात काही बिघाड आहे. बिघाड नव्हता. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८४७ मध्येच हे टिपून ठेवलं आहे. श्वास घेताना हृदयावरचा व्हेगस या मेंदूकडून येणाऱ्या नसेचा लगाम सैल होतो, सोडताना आवळला जातो. श्वास जितका सावकाश, तितका हा चढउतार मोठा, आणि मिनिटाला सहाच्या आसपास तो सर्वात ठळक होतो. याचं कारण रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची स्वतःचीही एक लाट असते, साधारण दहा सेकंदांची. श्वास दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात. झोपाळा मागं येतो त्याच वेळी हात लावला तर तो उंच जातो, तसं.

इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली मेरीमातेची जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्रही म्हणायला लावला. दोन धर्म, दोन भाषा. दोन्हींमुळे श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि दोन्ही वेळा रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता वाढलेली दिसली. मंत्राची किंवा प्रार्थनेची ओळ एका उच्छ्वासात म्हणायची असते, त्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो. हे वाचलं आणि मी त्या रात्री मायशेजारी जाऊन बसले. ती रोज झोपण्याआधी रामकृष्णहरीचा जप करते. एका दमात पाच वेळा म्हणते, मग अलगद श्वास घेते. मी घड्याळ लावलं. मिनिटाला सात. तिला कुणी ओठ आवळायला शिकवलं नव्हतं.

आमच्या अमळनेरला या विषयाचा एक जुना धागा आहे, आणि तो गावातल्या पुष्कळांना माहीत नसतो. निरोगी माणसाच्या शरीरावर योगक्रियांचा काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजायला ज्यांनी सुरुवात केली ते स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, १९१६ पासून काही वर्षं खान्देश एज्युकेशन सोसायटीत, इथंच अमळनेरला शिकवत होते. पुढं बडोद्याला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं उड्डियान, नौली अशा पोटाच्या योगक्रिया तपासल्या आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था उभी केली. शाळेत जाताना मी कधी कधी विचार करते, याच रस्त्यानं ते गेले असतील. परंपरेनं सांगितलं म्हणून मान डोलवायची नाही आणि परंपरेचं आहे म्हणून झिडकारायचंही नाही, यंत्र लावून बघायचं, हा त्यांचा रस्ता मला फार जवळचा वाटतो.

दवाखान्यातल्या श्वसनव्यायामांची वाट वेगळीकडून आली. पहिल्या महायुद्धात छातीला जखमा झालेले सैनिक बरे होताना दुखऱ्या बाजूनं श्वासच घेईनात, ती बाजू आखडून जाई. इंग्लंडात कॉर्टलंड मॅकमहॉन यांनी त्यांच्यासाठी श्वासाचे व्यायाम बसवले आणि १९१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. म्हणजे हे तंत्र जखमी आणि आजारी माणसांसाठी घडलं. आमच्यासारखे धडधाकट लोक त्यात नंतर आले. धडधाकट माणसाकडून अपेक्षा करताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण मला वाटतं, फुंकर त्याच्याही आधीपासून आमच्या घरात होती. आजीची फुंकणी होती. हातभर लांबीची लोखंडी नळी, चुलीकडचं टोक काळं कुळकुळीत, तोंडाकडचं टोक इतकं गुळगुळीत झालेलं की बोट फिरवावंसं वाटे. पऱ्हाटी, म्हणजे जळणाच्या कपाशीच्या काड्या, ओली असली की नुसता धूर होई. मी फुंकायला बसले की गाल फुगवून जोरात फुंकायची, राख उडून डोळ्यात जायची आणि विस्तव होता तो विझायचा. आजी माझ्या हातातून फुंकणी घ्यायची. ती फुंकते आहे हे लांबून कळायचंही नाही. मान हलत नसे, खांदे हलत नसत. फक्त निखाऱ्यांचा रंग हळूहळू बदलत जायचा, करड्यातून लाल, लालातून केशरी, आणि मग एकदम भप्प करून जाळ व्हायचा. चुलीच्या धुरानं तिच्या छातीचं जे नुकसान केलं असेल ते केलंच असेल, चुलीचं कौतुक मला करायचं नाही. पण सबंध आयुष्यात एकाही फिजिओथेरपिस्टचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला लांब, बारीक, सारख्या दाबाची फुंकर येत होती. जळगावच्या खोलीत ज्योत झुकून राहिली तेव्हा मला तिचा तो चुलीपुढचा स्थिर खांदा आठवला.

पोटाचा श्वास शिकायला मला जास्त वेळ लागला. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा श्वासाचा मुख्य स्नायू. तो खाली सरकला की पोट पुढं येतं. बाईमाणसाला लहानपणापासून पोट आत घ्यायला शिकवलेलं असतं, त्यामुळे मी श्वास घेताना उलट पोटच आत ओढत होते. उताणं पडून बेंबीवर अर्धा किलो साखरेचं पाकीट ठेवायचं, श्वास घेताना ते वर आलं पाहिजे, छातीवरचा हात जागचा हलायला नको. पहिले चार दिवस पाकीट हललंच नाही. पाचव्या दिवशी हललं, आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा सायकल चालवता आल्यासारखं वाटलं.

शाळेत मधल्या सुट्टीत मी पाच सहकाऱ्यांना करायला लावलं. दहा मिनिटं, रोज, दोन आठवडे. एका बाईंना खुर्चीतच झोप लागायची. गणिताच्या सरांचं मोठी सुट्टी झाल्यावरचं डोकं दुखणं कमी झालं असं ते म्हणाले. दोघांना काहीच वाटलं नाही. आणि एक बाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला श्वासाकडे बघितलं की जास्तच घाबरं होतं, मी नाही करत." त्यांना मी आग्रह केला नाही. काही माणसांना श्वासाकडे लक्ष दिलं की तो अडखळल्यासारखा वाटतो. त्यांच्यासाठी गाणं म्हणणं, चालणं बरं. पाच जणांवरून काही सिद्ध होत नाही, पण सगळ्यांना एकच माप लागत नाही एवढं मला दिसलं.

चालण्यातही मी फुंकर लावून पाहिली आणि ती सोडून दिली. भराभर चालताना स्नायू कार्बन डायॉक्साइड जास्त तयार करतात, शरीर आपणहून वेग वाढवतं. तिथं मी चार अंकांचा हट्ट धरला तर उलट धाप लागली. धडधाकट माणूस चढावर थकतो तो बहुधा हृदयानं आणि पायांनी, फुप्फुसात शिल्लक बरीच असते. नानांसाठी मात्र जिना चढताना फुंकर हाच कठडा आहे. पायरी चढताना सोडायचा, थांबून घ्यायचा. आमच्या घराच्या अकरा पायऱ्या ते पूर्वी दोनदा बसून चढायचे. आता बसत नाहीत, उभे राहून फुंकतात.

उसाशाबद्दलही सांगायचं आहे. आपल्याकडे उसासा टाकला की मायबहिणी विचारतात, "काय झालं गं?" दुःखाशीच त्याचं नातं लावलेलं. प्रत्यक्षात निरोगी माणूस नकळत तासाला दहा-बारा उसासे टाकतो, साधारण पाच मिनिटांनी एक. नेहमीच्या दुप्पट हवेचा तो श्वास असतो. शांत बसलं की काही वायुकोश चिकटून मिटतात, ते उसाशानं उघडतात. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत उसासा घडवणाऱ्या मोजक्या पेशी शोधून काढल्या. म्हणजे शरीरानं आपली फिजिओथेरपी आधीच लावून ठेवली आहे. हे कळल्यापासून मायनं उसासा टाकला तर मी लगेच "काय झालं" म्हणत नाही, एखादा जास्तच लांब वाटला तर विचारते.

सहा महिन्यांनंतर माझ्यात टिकलेला बदल कोणता, तर तो रात्रीचा. अंथरुणावर पडल्यावर दिवसभराची भांडणं डोक्यात चालू व्हायची. आता पडल्या पडल्या वीस-पंचवीस फुंकरी घालते. भांडणं संपत नाहीत, पण नाडी खाली येते आणि त्यांचा आवाज बारीक होतो. व्यायाम चार दिवस चुकला तर श्वास परत सोळावर जातो, तेही वहीत आहे. कायमची कमाई म्हणावी असं काही नाही, रोजच्या आंघोळीसारखं ते रोज करावं लागतं.

गेल्या आठवड्यात तपासणीसाठी परत जळगावला गेलो, सकाळच्या गाडीनं. धरणगाव गेलं, पाळधी गेलं, खिडकीबाहेर वेचणी संपत आलेली कपाशी. पूर्वी नाना या प्रवासात खिडकीची दांडी घट्ट धरून बसायचे. या वेळी समोरच्या माणसाशी कपाशीच्या भावावर बोलत होते, मध्ये थांबून एक फुंकर, परत बोलणं. त्या मुलीला मी माझी वही दाखवली. तिनं ऑक्सिजनच्या रकान्यावर बोट ठेवलं, ९८, ९८, ९८, आणि म्हणाली, "हे मला आधीच माहीत होतं ताई. पण तुम्ही मोजाल असं वाटलं नव्हतं."

त्या संध्याकाळी नेहमीसारखे आम्ही दोघं समोरासमोर बसलो. नानांनी विचारलं, "तुले काय फरक पडना?"

मी म्हटलं, "झोप लागते नाना. आणि तुमच्यासोबत रोज दहा मिनिटं बसणं होतं."

त्यांनी मान हलवली. मेणबत्ती आमच्या दोघांच्या मधोमध होती. मी नाकानं श्वास घेतला, ओठ आवळले, सोडायला लागले. ज्योत त्यांच्या बाजूला झुकली, थरथरली.

"गाल नको फुगाडू, पोरी," नाना म्हणाले.